लोढणे आणि लॉगरहेड

फुलंब्रीपासून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. येथील माणसाच्या भाषेत भरती-ओहोटी येते ती पाठ्यपुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून. तरीही ‘कासव’ हा शब्द येथे परका नाही. तो तीन ठिकाणी भेटतो. पहिले कासव शिवालयातील नंदीच्या परिसरात, फरशीत कोरलेले असते. त्यावर पाय पडू नये म्हणून लहान मुलांना दटावले जाते. दुसरे विहिरीत असते; पाणी स्वच्छ राहावे म्हणून कुणीतरी कधीतरी आणून सोडलेले. तिसरे मात्र कुणीच पाहिलेले नसते, आणि तेच सर्वांत अधिक परिचयाचे असते. पिलांना दूध न पाजता केवळ दृष्टीने पोसणारी कीर्तनातील ती कासवी. पैठण ह्याच जिल्ह्यात आहे आणि नेवासेही फार दूर नाही; संतांच्या ह्या दृष्टान्ताला या भागात प्राणिशास्त्राच्या साक्षीची गरज कधी भासली नाही. जमिनीवरचे, गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले अशी कासवांची विभागणी मराठी भाषा शब्दांनी करीत नाही. इंग्रजी करते, आणि तेथूनच अडचणीला प्रारंभ होतो.

ही अडचण प्रत्यक्षात आली ती फुलंब्री परिसरातील एका इंग्रजीच्या अध्यापकापुढे. कोकणातील एका परिचिताने सागरी कासवांविषयीची एक छोटी इंग्रजी पुस्तिका त्याच्याकडे पाठविली आणि शाळकरी मुलांसाठी तिचे मराठी करून मागितले. काम आठवड्याभराचे वाटले होते. भारतीय समुद्रात आढळणाऱ्या पाच जातींची माहिती, त्यांची चित्रे, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने चालविलेल्या घरटी-संरक्षणाची हकिगत, एवढाच तिचा ऐवज. वाक्ये सोपी होती. नावे मात्र एकेक करून आडवी येऊ लागली.

‘ग्रीन टर्टल’ला हिरवे कासव म्हणावे, तर त्याची पाठ हिरवी नसते, हिरवट असते ती त्याच्या अंगातील चरबी. म्हणजे हे नाव पाहणाऱ्याने दिलेले नसून कापणाऱ्याने आणि खाणाऱ्याने दिलेले आहे. ‘हॉक्सबिल’ सरळ होते: ससाण्याच्या चोचीचे. ‘लेदरबॅक’ही सरळ: चामड्याच्या पाठीचे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ‘ऑलिव्ह रिडले’ मराठी वर्तमानपत्रांनी आधीच जसेच्या तसे स्वीकारलेले होते, आणि ते योग्यच होते. कारण ‘रिडले’ ह्या शब्दाचा उगम इंग्रजीलाही सांगता येत नाही. कासवांचे थोर अभ्यासक आर्ची कार ह्यांनी ह्या नावाचा माग काढण्याचा खटाटोप केला, परंतु त्यातून निर्विवाद असे काही हाती लागले नाही. ज्याचा अर्थ मूळ भाषेतच हरवला आहे, त्याच्या भाषांतराची जबाबदारी भाषांतरकारावर येत नाही. पाचवे नाव होते ‘लॉगरहेड’. त्याला अर्थ होता. किंबहुना एकाहून अधिक होते.

अध्यापकाने शब्दकोश उघडला. पहिला अर्थ मिळाला तो मूर्ख, ठोंब्या, ओंडक्यासारख्या डोक्याचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द ह्या अर्थाने रूढ झालेला दिसतो. शेक्सपिअरने तो एकाहून अधिक नाटकांत शिवी म्हणून वापरला आहे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या चौथ्या अंकात लग्नघाईत असलेला कॅप्युलेट नोकराला सुकी लाकडे आणावयास सांगतो, लाकडे शोधण्याइतके डोके आपल्याला आहे असे नोकर म्हणतो, आणि कॅप्युलेट त्याच डोक्याला लाकडाचे ठरवून हा शब्द त्याच्यावर फेकतो. वर्गात हे नाटक अनेक वर्षे शिकविताना ही ओळ अध्यापकाने ‘किरकोळ विनोद’ म्हणून सोडून दिली होती. दुसरा अर्थ अवजाराचा: लांब दांड्याच्या टोकाला लोखंडाचा गोळा. तो तापवून डांबर वितळवीत, आणि वसाहतकालीन अमेरिकेतील पथिकाश्रमांत बिअर व रम ह्यांच्या मिश्रणात बुडवून ते पेय उकळते करीत. तिसरा अर्थ देवमाशांची शिकार करणाऱ्या नावेतील खुंटाचा; भाल्याची दोरी त्याला वेढे देऊन आवरली जाई. चौथा ह्या कासवाचा. तो सतराव्या शतकात पुढे आला. पाचवा अर्थ एका पक्ष्याचा. उत्तर अमेरिकेतील ‘लॉगरहेड श्राइक’ हा आपल्याकडील खाटीक पक्ष्याचा भाऊबंद, शिकार काट्यावर अडकवून ठेवणारा आणि देहाच्या मानाने डोके मोठे असलेला. (ह्या कुळाला शास्त्रज्ञांनी लॅटिनमध्ये ‘लानिअस’ म्हटले, इंग्रज शेतकऱ्याने ‘बुचर-बर्ड’ म्हटले आणि मराठीने ‘खाटीक’ म्हटले. तिघांनीही एकच गोष्ट पाहिली. नावे देताना भाषा नेहमीच एकमेकींपासून दूर जातात असे नाही.)

आणि शेवटी तो वाक्प्रचार, जो इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो: दोन पक्ष ‘अ‍ॅट लॉगरहेड्स’ असणे. मराठीत त्यासाठी विळ्याभोपळ्याचे सख्य आहे. येथे कोशकारांची भाषा सावध होते. तापलेल्या लोखंडी गोळ्यांनी खलाशी एकमेकांवर धावून जात म्हणून हा प्रयोग आला, असे अनुमान केले जाते. दोन ठोंबी डोकी एकमेकांवर आपटणे हेही मूळ असू शकेल. कासवांच्या झुंजीशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु त्याला आधार नाही.

एखाद्या शब्दाचे इतके अर्थ एका पानावर पाहिले म्हणजे वाचकाची प्रतिक्रिया दोनपैकी एक होते. एक तर तो ह्या सर्वांना जोडणारा धागा शोधू लागतो, नाही तर भाषा ही यादृच्छिक चिन्हांची व्यवस्था आहे हे सोस्यूरचे सूत्र आठवून निश्चिंत होतो. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेला ह्या निश्चिंतीची सवय अंमळ अधिकच लागली आहे. सोस्यूरनेच चिन्हांच्या सापेक्ष सहेतुकतेविषयीही लिहून ठेवले आहे, ह्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते.

अध्यापकाला सावध राहण्याचे एक खासगी कारण होते. पदव्युत्तर वर्गात असताना त्याने शेक्सपिअरच्या ‘द फिनिक्स अँड द टर्टल’ ह्या १६०१ सालच्या कवितेवर टिपण लिहिले होते, आणि त्यात अग्निपक्ष्याच्या चंचलतेसमोर कासवाच्या धीरगंभीर चिरंजीवित्वाचे प्रतीक उभे केले होते. कूर्मावताराचा हवालाही दिला होता. त्या कवितेतील ‘टर्टल’ हा होला आहे, एकनिष्ठ प्रेमाचे प्रतीक असलेला पक्षी, हे त्याला टिपण परत मिळाल्यावर कळले. शब्दाचा जुना अर्थ तोच. कासवाला तो नंतर मिळाला, बहुधा फ्रेंच ‘तोर्त्यू’चा उच्चार खलाशांच्या तोंडी ओळखीच्या पक्ष्याच्या नावासारखा झाल्यामुळे. १६११ च्या इंग्रजी बायबलातील गीतरत्नात वसंताबरोबर ‘टर्टल’चा आवाज ऐकू येतो तोही होल्याचाच. टिपणाच्या समासात तांबड्या शाईने केवळ एक उद्गारचिन्ह होते. तेव्हापासून तो शब्दकोश अखेरच्या ओळीपर्यंत वाचीत असे.

‘लॉगरहेड’ची नोंद अखेरपर्यंत वाचल्यामुळेच त्याला तिचे मूळ भेटले. ‘लॉगर’ हा इंग्लंडमधील बोलीतला शब्द. घोडा दूर पळून जाऊ नये म्हणून त्याच्या पायाला बांधलेला लाकडाचा जड ठोकळा, असा त्याचा अर्थ कोशात दिला होता.

हे वाक्य त्याने दोनदा वाचले. त्याला भाषांतराची गरज नव्हती. ती वस्तू त्याने हाताळलेली होती. लोढणे.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, ओढाळ गुराच्या गळ्यात दोरीने किंवा साखळीने बाभळीचा एक ओंडका अशा बेताने लोंबत सोडतात की, जनावर सावकाश चालले तर तो नुसता हलतो, आणि पळू लागले की पुढच्या पायांवर आपटतो. ओढाळ म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरण्याची खोड असलेले. ह्याच रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या जळगावच्या बहिणाबाईंनी मनाला हेच विशेषण आपल्या बोलीत लावले, ते सर्वश्रुत आहे. अध्यापकाच्या घरच्या गोठ्यात, वडिलांच्या हयातीत, असे एक लोढणे भिंतीला टेकून असे. दोरीच्या घर्षणाने त्याला मध्यभागी खाच पडली होती. फुलंब्रीतील मुलांना समुद्राचे शब्द कसे समजावून सांगावेत ह्याची चिंता करीत तो बसला होता, आणि त्या शब्दाच्या तळाशी समुद्र नव्हताच, गोठा होता. ज्या शब्दासाठी कोकणाकडे पाहावे असे त्याला वाटत होते, तो मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला वस्तुरूपाने ठाऊक होता. आणि इंग्रजीच्या शहरी वाचकाला, ज्याच्या भाषेचा तो शब्द, ती वस्तू आज बहुधा ठाऊक नसावी.

येथे संस्कृत काव्यशास्त्रातील एका जुन्या वादाचे स्मरण अपरिहार्य होते. मम्मटाने रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द घेतला: मुळात दर्भ तोडून आणणारा, आणि दर्भाने हात न कापता तो तोडणे हे निपुणतेचे काम म्हणून ‘निपुण’. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने ते नाकारले. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे, असे त्याचे म्हणणे. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानले, तर ‘गो’ हा शब्द गमनार्थक धातूपासून आलेला असल्यामुळे ‘गाय निजली आहे’ हे साधे वाक्यही लाक्षणिक मानावे लागेल. युक्तिवाद बिनतोड आहे. ‘लॉगरहेड’ म्हणणाऱ्या खलाशाच्या मनात घोड्याच्या पायातला ठोकळा नव्हता, त्याने फक्त एक मोठे डोके पाहिले, असे विश्वनाथ म्हणाला असता. परंतु भाषांतरकाराची स्थिती निराळी असते. त्याला एका भाषेतील प्रवृत्तिनिमित्ताचे दुसरीत रोपण करावयाचे असते आणि माती मात्र व्युत्पत्तीची मिळते. ज्या समाजात ओढाळ गाय अजून चालते-फिरते, तेथे मेलेले रूपक कधी उठून बसेल ह्याची शाश्वती नाही.

पहिल्या आनंदाच्या भरात अध्यापकाने ‘लोढणडोक्या कासव’ असे लिहिले. शब्द ठसठशीत होता. मुलांना आवडला असता. संध्याकाळी त्याने तो घरी मोठ्याने वाचून दाखविला. ओसरीवर आत्या बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

आत्याचे लग्न चौदाव्या वर्षी झाले होते आणि तीन वर्षांत ती परत आली होती. कारण कुणी कधी पुरते सांगितले नाही. भावाच्या घरी तिने पन्नासहून अधिक वर्षे काढली, त्यांतील बहुतेक शेतात आणि चुलीपाशी. आणि ह्या काळात तिच्याविषयी, कधी रागाने, कधी कणव म्हणून, आणि अनेकदा कसलीच भावना नसताना, जो शब्द उच्चारला गेला तो हाच. भावाच्या गळ्यातले लोढणे. अध्यापकाने तो बालपणी इतक्या वेळा ऐकला होता की, गोठ्यातील वस्तू आणि ओसरीवरील माणूस ह्यांना एकच नाव आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. मृत रूपक म्हणतात ते हेच असावे. ज्याच्याविषयी ते योजले जाते, त्याच्यापुरते मात्र ते जिवंत असते, एवढी पुस्ती त्या संज्ञेला जोडावयास हवी.

येथे दोन भाषांच्या वाटा कशा फुटल्या ते पाहण्यासारखे आहे. लाकूड एकच, उपयोग एकच. इंग्रजीने ओंडका घेतला आणि त्याचे डोके केले: ज्याला ओंडका म्हटले, त्याला बुद्धी नाही. मराठीने तोच ओंडका माणूस केला: ज्याला लोढणे म्हटले, तो दुसऱ्याच्या गतीतील अडथळा. इंग्रजीतील शिवी नोकराला, गावंढळाला, खालच्या थरातील माणसाला दिली जाते. कॅप्युलेटचा नोकर हा तिचा नमुना. मराठीतील शब्द बहुतांशी घरातल्याच माणसाला लागतो, आणि त्यातही परत आलेली मुलगी, विधवा नणंद, अपंग भाऊ, थकलेली सासू ह्यांना. दोन्ही रूपकांत एक गोष्ट समान आहे. ओंडका आणि जनावर दिसतात. तो बांधणारा हात दिसत नाही. ठोकळ्याला स्वतःहून कुणाच्या पायात पडता येत नाही, गाय तो स्वतः गळ्यात घालून घेत नाही. परंतु ‘लोढणे गळ्यात पडले’ हे क्रियापद पाहावे: जणू ते आभाळातून पडले. आत्याला त्या घरात परत कुणी पाठविले, ह्या प्रश्नाला ह्या वाक्यरचनेत जागाच ठेवलेली नाही. व्याकरणाने कर्ता लपविण्याची ही रीत शैलीविज्ञानाच्या अभ्यासकांनी राजकीय भाषणांत पुष्कळ शोधली आहे. घरगुती वाक्प्रचारांत ती शोधण्याचे काम मराठीत अजून व्हावयाचे आहे.

त्या रात्री जेवताना आत्याने विषय स्वतःच काढला. पुस्तकात लोढणे कशाला आले, असे तिने विचारले. अध्यापकाने कासवाचे, घोड्याचे आणि इंग्रजीचे जे काही सांगता येईल ते सांगितले. ऐकून घेऊन ती म्हणाली, “लोढणं गाईच्या कामाचं नसतं बाबा. ते शेजाऱ्याच्या वावराच्या कामाचं.” आणि भाकरी मोडू लागली.

अध्यापकाला ह्या वाक्यावर काही बोलता आले नाही. त्याने इतकेच केले की, दुसऱ्या दिवशी हस्तलिखितातील तो शब्द खोडला.

मग काय लिहावे? ‘मोठ्या डोक्याचे कासव’ हे सुरक्षित होते आणि वस्तुस्थितीला धरूनही. ह्या प्राण्याचे डोके खरोखरच मोठे असते, आणि ते उगाच नसते. शंख, शिंपले, खेकडे ह्यांची कवचे फोडणारे जबडे चालविण्यासाठी लागणारे स्नायू त्या डोक्यात मावलेले असतात. लिनेअसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नामावलीत आणले तेव्हा खलाशांची शिवी बाजूला ठेवली. आज त्याचे नाव ‘कारेटा कारेटा’ असे दोनदा उच्चारले जाते. शिवीचा खोटेपणा पुढे विज्ञानानेच उघड केला. फ्लोरिडाच्या वाळूतून बाहेर पडलेली ह्या जातीची पिले पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील फरक ओळखून अटलांटिकमधील आपली दिशा ठरवितात, हे केनेथ लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. १९९६ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून पाठीवर उपग्रह-प्रेषक बसवून सोडलेली एक मादी सबंध पॅसिफिक ओलांडून पुढील वर्षी जपानच्या किनाऱ्याजवळ पोहोचली. महासागर ओलांडणाऱ्या प्राण्याला माणसाने पाय बांधलेल्या जनावराच्या ठोकळ्याचे नाव द्यावे, ह्यातील विसंगती कुणाला काव्यात्म वाटेल. ती मुळात अज्ञानाची आहे.

परंतु ‘मोठ्या डोक्याचे’ म्हटल्याने नावातील तुच्छतेबरोबर नावाचा इतिहासही पुसला जातो, हेही अध्यापकाला दिसत होते. भाषांतराने शिवी धुऊन द्यावी की जशीच्या तशी पुढे पोचवावी, हा केवळ शाळकरी पुस्तिकेचा प्रश्न नव्हे. दलित आत्मकथनांच्या इंग्रजी भाषांतरांत तो वारंवार उपस्थित झाला आहे, आणि तेथे त्याचे उत्तर सोयीवर सोडता आलेले नाही. धुतलेल्या शब्दात तो ज्याला लागला त्याची कहाणीही धुतली जाते. न धुतलेला शब्द पुन्हा एकदा लागतो. येथे तर तो कासवाला लागत नव्हता. कासवाला मराठी येत नाही. तो ओसरीवर लागत होता.

शेवटी अध्यापकाने ‘लॉगरहेड कासव’ असे लिहिले, ‘ऑलिव्ह रिडले’च्या शेजारी शोभेल असे, आणि खाली टीप दिली: हे नाव इंग्रज खलाशांनी त्याच्या मोठ्या डोक्यावरून दिले, जुन्या इंग्रजी बोलीत ‘लॉगर’ म्हणजे पळणाऱ्या घोड्याच्या पायाला मालक जो ठोकळा बांधी तो. ‘मालक’ हा शब्द कोशातील नोंदीत नव्हता. तो त्याने जाणीवपूर्वक घातला होता. भारताच्या किनाऱ्यावर हे कासव अंडी घालावयास येत नाही. अरबी समुद्राच्या पलीकडच्या बाजूस, ओमानच्या मसिरा बेटावर मात्र जगातील त्याच्या सर्वांत मोठ्या वीणस्थानांपैकी एक आहे, असेही एक वाक्य त्याने जोडले. मुलांना एकाच समुद्राचे दोन काठ कळावेत हा हेतू.

पुस्तिका छापून आली तेव्हा टीप जागेअभावी गळली होती. चित्र मात्र अर्धे पान व्यापून होते. आत्याने चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिले.

“हे खातं काय?” तिने विचारले.

“शंख. फोडून खातं.”

“मग एवढं डोकं लागणारच की,” ती म्हणाली आणि पान उलटले.